सर्व्हरला नाव काय ठेवायचं? ठाणे आणि नवी मुंबईतल्या हौशी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसा मी महापेला दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळतो आणि रात्री पाचपाखाडीतल्या घरी दिवाणाखाली ठेवलेली माझी स्वतःची चार मशीनं. दोन्हीकडे मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न रॅमचा किंवा डिस्कचा नसतो. "नाव काय ठेवू?" हा असतो. तीच तीच उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदाची लिहून काढली.

प्रश्न : आयपी पत्ता असतो ना? मग नाव कशाला हवं?

आयपी पत्ता, म्हणजे मशीनला नेटवर्कवर मिळणारा आकडा, बदलतो. राउटर एकदा बंद करून चालू केला की कालचा तेवीस आज एकेचाळीस झालेला असतो. पण त्याहून मोठं कारण म्हणजे टाइप करताना होणारी चूक. आकड्यातला एक अंक चुकला तरी तो आकडा बरोबरच दिसतो. नावातलं एक अक्षर चुकलं की डोळ्याला लगेच खटकतं. "सुरमइ" असं टाइप केलं तर मशीन सापडणारच नाही, पण तेवीसच्या जागी बत्तीस टाइप केलं तर भलत्याच मशीनवर जाऊन बसाल आणि कळणारही नाही.

शिवाय नाव हे आधी बोलायला लागतं, टाइप करायला नंतर. रात्री दोन वाजता फोनवर "तेविसावा गेला, तेविसावा" असं सांगून बघा एकदा.

प्रश्न : यंत्रांना नावं ठेवायचं हे खूळ कधीपासूनचं?

कॉम्प्युटरच्या फार आधीपासूनचं, आणि ठाणेकरांना तर ते आपल्या स्टेशनातच भेटलेलं आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली. नावं झोकदार खरी, पण तिन्ही 'स'वरून. आजचा कुठलाही सिस्टिम अॅडमिन नाक मुरडेल. गोंगाटात पहिलंच अक्षर नीट ऐकू येतं, आणि तिन्ही नावांचं पहिलं अक्षर एकच असेल तर ते ऐकून उपयोग काय?

आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनलेला टिफरॅक हा संगणक १९६० मध्ये चालू झाला, पण त्याचं नामकरण झालं १९६२ साली, पंडित नेहरूंच्या हस्ते. म्हणजे बारसं दोन वर्षं लांबलं. तुमचं मशीन आठवडाभर 'डेस्कटॉप' नावाने पडून असेल तर फार अपराधी वाटून घेऊ नका.

नेटवर्कवरच्या नावांची गोष्ट वेगळी आहे. अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाच्या, काळात त्या नेटवर्कवरच्या सगळ्या मशीनची नावं एकाच फाइलमध्ये असत. ती फाइल कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट सांभाळायची आणि बाकीच्यांनी ती वेळोवेळी उतरवून घ्यायची. अख्ख्या जगाची एकच शिधापत्रिका म्हणा ना. मशीनं वाढली तसं ते झेपेना, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेची, रचना मांडली. तेव्हापासून आपापल्या डोमेनच्या आत काय नाव ठेवायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं.

ऑगस्ट १९९० मध्ये डॉन लाइब्स यांनी आरएफसी ११७८ लिहिलं. इंटरनेटच्या या अधिकृत दस्तऐवजांमध्ये पॅकेट कसं पाठवावं वगैरे रुक्ष गोष्टी असतात. हा दस्तऐवज मात्र कॉम्प्युटरला नाव कसं निवडावं एवढ्याच विषयावर आहे. स्वतःचं नाव देऊ नका, प्रकल्पाचं नाव देऊ नका, लांबलचक नको, कुणाला झोंबेल असं नको, आणि थीम ठरवून नावं द्या, असं त्यात स्वच्छ सांगितलंय. पस्तीस वर्षं झाली तरी लोक त्याच चुका त्याच क्रमाने करतात.

प्रश्न : थीम म्हणजे नक्की काय? आणि एकच थीम का?

सगळी नावं एकाच कुळातली घ्यायची. सगळे मासे, किंवा सगळे किल्ले, किंवा सगळे मसाले. फायदा असा की नाव ऐकल्याबरोबर हे आपल्यातलं मशीन आहे हे कळतं. नोंदींमध्ये 'बांगडा' दिसला तर आपला. 'पायथॉन' दिसलं तर ते मशीन आहे की प्रोग्रामिंगची भाषा, हे शोधत बसावं लागतं.

सरकारी महासंगणकांकडे बघा. पुण्याच्या सीडॅकची परम ही मालिका १९९१ च्या परम ८००० पासून सुरू आहे. हवामानवाल्यांची थीम त्याहून मजेशीर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ मध्ये प्रत्यूष आला, नोएडात मिहिर. २०२४ मध्ये त्याच दोन ठिकाणी अर्क आणि अरुणिका आले. सगळी नावं सूर्याभोवतीची. पाऊस मोजायचा पण नावं सूर्याची, हे मला फार आवडतं. 'अर्क' मात्र मी ठेवलं नसतं. आपल्याकडे "तो एक अर्क आहे" म्हणजे काय, ते सांगायला नको.

प्रश्न : मग कोणती थीम घेऊ?

याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण सगळे इथेच अडतात.

किल्ले ही महाराष्ट्रातल्या प्रत्येक इंजिनिअरची पहिली थीम असते, आणि त्यात एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलो आहे. जुन्या नोकरीत एका मशीनचं नाव राजगड होतं आणि दुसऱ्याचं रायगड. इंग्रजीत लिहिताना दोन्हींत एकाच अक्षराचा फरक, जे आणि आय. राजगडवर चाचण्या चालायच्या, रायगडवर ग्राहकांचा खरा डेटाबेस होता. एका शनिवारी रात्री मी राजगड रीस्टार्ट केला. निदान मला तसं वाटलं. पुढचा अर्धा तास कसा गेला ते विचारू नका. सोमवारी साहेबांनी एवढंच विचारलं, "महाराष्ट्रात साडेतीनशे किल्ले, तुम्हाला हेच दोन सापडले?"

दुसरी अडचण 'गड' या शेपटीची. राजगड, प्रतापगड, सिद्धगड, गोरखगड, प्रबळगड. फोनवर अर्धं नाव गिळलं गेलं की उरतो तो फक्त 'गड'. म्हणून किल्लेच हवे असतील तर शेपटी नसलेले घ्या. तोरणा, माहुली, कर्नाळा, हरिहर. आणि तीन मशीनचा क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा गट, असेल तर अलंग, मदन, कुलंग. हे तिन्ही किल्ले खरोखरच एकमेकांना लागून आहेत, ट्रेकर त्यांचं नाव एका दमात घेतात, आणि त्यातला एक पडला तरी बाकीचे दोन उभे राहतात, जे तीनच्या क्लस्टरमध्ये व्हायलाच हवं.

मासे ही माझी आवडती थीम. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यापासून नवी मुंबईतल्या दिवाळे गावापर्यंत कुणालाही कळते, आणि त्यात आकारही येतो. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला मांदेली, जुन्या लॅपटॉपला बांगडा, जरा धडधाकट मशीनला सुरमई किंवा रावस. नाव ऐकलं की मशीनचा जीव केवढा आहे याचा अंदाज येतो. फक्त तीन मासे टाळा. 'घोळ' हा भरभक्कम मासा आहे, मोठ्या स्टोरेजला शोभला असता, पण "घोळमध्ये घोळ झालाय" हे वाक्य पहिल्याच आठवड्यात येणार. 'हलवा' ठेवलात तर "हलवा दुसऱ्या रॅकमध्ये हलवा" म्हणावं लागेल. आणि 'बोंबील' ठेवलेला सर्व्हर बोंबलल्याशिवाय राहत नाही, हा माझा अनुभव नसून श्रद्धा आहे.

ठाण्याचे तलावही चांगले. मासुंदा, उपवन, कचराळी, मखमली, रायलादेवी. नावं एकमेकांपासून पुरेशी वेगळी आहेत, ऐकायला गोड आहेत, आणि शहर तलावांचंच असल्यामुळे पुरवठा भरपूर. भाज्या विनोदी वाटतात, पण दोडका, पडवळ, कारलं, सुरण ही नावं एकदा ऐकली की विसरता येत नाहीत. मसाल्यांत हिंग, मोहरी, मेथी, लवंग. छोटी आणि सुटसुटीत. हिंग हे डीएनएस सर्व्हरला उत्तम, कारण असतो एवढासा आणि नसला तर लगेच कळतं.

नक्षत्रांबद्दल सावध राहा, त्याचं कारण पुढे येतंय.

प्रश्न : ठाणे-नवी मुंबई जोडणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलची स्टेशनं चालतील का? दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली...

कल्पना देखणी आहे. क्रम सगळ्यांना पाठ असतो, कुठलं मशीन कुणाच्या पुढे आहे हेही सांगता येतं. पण तुम्ही याच पट्ट्यात काम करत असाल तर हसं होतं. "ऐरोली कुठे आहे?" "तुर्भ्याला." "आणि तुर्भे?" "ते आपल्या टेबलाखाली." जे शब्द रोज दुसऱ्या अर्थाने तोंडात येतात ते मशीनला देऊ नयेत, हा आरएफसी ११७८ चाही पहिला सल्ला. नागपूरला बसला असाल तर खुशाल ठेवा.

प्रश्न : देवांची नावं का नकोत? आमच्या ऑफिसात आधीचा सर्व्हर 'विठ्ठल' होता.

कारण आपली कामाची भाषा फार निर्दय आहे. सर्व्हर 'मरतो', 'बसतो', 'लटकतो', त्याला 'मारावं' लागतं आणि शेवटी 'फॉरमॅट' करून भंगारात द्यावं लागतं. ही क्रियापदं देवांच्या, संतांच्या किंवा महाराजांच्या नावापुढे एकदा लावून बघा. मेलमध्ये लिहिलेलं कुणीतरी स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवलं तर काय होईल याचा विचार करा, आणि मग बटाट्याचं नाव ठेवा.

प्रश्न : माणसांची नावं?

नको. नक्षत्रांची थीम इथेच अडकते. सत्तावीस नावं तयार मिळतात, क्रमही असतो, पण अश्विनी, रोहिणी, रेवती, स्वाती या सगळ्या तुमच्याच मजल्यावर काम करत असतात. आमच्याकडे एकदा ग्रुपवर मेसेज आला होता, "रोहिणी फार स्लो झालीये, आज रात्री बंद करून बघू." अकाउंट्समधल्या रोहिणीताई त्या ग्रुपवर होत्या. त्यांनी फक्त अंगठा पाठवला. आम्ही अजूनही त्यांच्यासमोर ताठ बसतो.

प्रश्न : कामावरून नाव ठेवलं तर काय बिघडतं? 'मेल', 'बॅकअप', 'डेटाबेस' किती सोपं!

पहिल्या दिवशी सोपं असतं. मग दीड वर्षाने मेल क्लाउडवर जातं, त्या मशीनवर कुणीतरी प्रिंटरचं काम टाकतं, आणि 'मेल' नावाचं मशीन आयुष्यभर प्रिंटर सांभाळतं. नवीन आलेला पोरगा मेल बंद पडलं म्हणून त्याच्यात दोन तास शोधाशोध करतो. नाव नसतं तर बरं झालं असतं, कारण नसलेलं नाव निदान खोटं बोलत नाही.

माझं मत पक्कं आहे. नावाने फक्त 'कोण' ते सांगावं, 'काय करतो' ते सांगायला जाऊ नये. ठाण्यात बघा ना. नितीन कंपनी, गोल्डन डाईज, कॅडबरी, ही सगळी नाक्यांची नावं आहेत. रिक्षात बसताना "नितीन कंपनी" म्हणणाऱ्या शंभरातल्या किती जणांनी ती कंपनी पाहिली असेल? कुणाला गरजच नाही. रिक्षावाल्याला कळतं, आपण पोहोचतो, नावाचं काम संपलं. तिथे आत काय बनतं किंवा बनायचं याच्याशी नाव चिकटून राहिलेलं नाही, म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

मग कामाचं नाव कुठे ठेवायचं? टोपणनावात. डीएनएसमध्ये सीनेम नावाची सोय असते. मशीनचं खरं नाव 'रावस', आणि 'मेल' हे त्याचं टोपणनाव. वापरणारे 'मेल' म्हणतील, आपण 'रावस' म्हणू. उद्या मेल सुरमईवर हलवलं की टोपणनाव तिकडे वळवायचं. कुणाच्या मशीनवर काही बदलावं लागत नाही, आणि रावस रावसच राहतो.

प्रश्न : एक मुख्य आणि एक राखीव अशी जोडी आहे. राजा आणि प्रधान?

हाच सापळा वेगळ्या वेशात. एका रात्री राजा पडणार, प्रधान गादीवर बसणार आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा गोंधळ उडणार. बरोबरीची जोडी घ्या. ढवळ्या-पवळ्या किंवा सर्जा-राजा. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो म्हणतात, आणि एकाच सदोष अपडेटने दोन्ही सर्व्हर एकापाठोपाठ जाताना बघितले की ही म्हण कुणी लिहिली असेल याचं कुतूहल वाटतं.

एक छोटी युक्ती. मराठीत नावाला लिंग असतं, त्याचा फायदा घ्या. जोडीत एक पुल्लिंगी आणि एक स्त्रीलिंगी नाव ठेवलं, समजा रावस आणि सुरमई, तर "पडला" की "पडली" यावरूनच कळतं. नाव नीट ऐकू आलं नाही तरी क्रियापद सांगून जातं. इंग्रजीवाल्यांना ही सोय नाही.

प्रश्न : मराठी नाव रोमन लिपीत लिहिताना स्पेलिंग कसं ठरवायचं?

ज्याचं एकच स्पेलिंग होऊ शकतं तेच नाव निवडायचं. हा प्रश्न सोडवण्यापेक्षा टाळणं सोपं. दीर्घ ई कुणी दोन ई लावून लिहितं, कुणी आय. 'व' कुणी व्ही लिहितं, कुणी डब्ल्यू. 'ज्ञ' असेल तर विचारूच नका, कुणी डी-एन-वाय लिहील, कुणी जी-वाय. 'ळ' लिहायला रोमनमध्ये अक्षरच नाही, त्यामुळे 'माळ' आणि 'माल' एकच होऊन बसतात. आंब्यांची थीम घेणाऱ्यांना पायरी आंबा हमखास नडतो, कारण तो दोन प्रकारे लिहितात. रबाळे तर स्टेशनच्या पाटीवर एक आणि लोकांच्या तोंडी दुसरंच.

माझी परीक्षा अशी. घरातल्या तीन जणांना नाव ऐकवा आणि इंग्रजीत लिहायला सांगा. तिघांनी सारखंच लिहिलं तर पास. तोरणा यात मार खातो, कारण मध्ये 'ए' घालायचा की नाही यावर एकमत होत नाही. तरी मी ठेवला, हट्ट म्हणून. मदन, माहुली, मेथी, लवंग आरामात पास.

प्रश्न : सरळ देवनागरीतच नाव ठेवलं तर?

मनाला बरं वाटतं, हाताला नाही. डीएनएस आतून अजूनही साध्या रोमन अक्षरांवर चालतं. देवनागरी नाव दिलं की ते प्युनिकोड नावाच्या पद्धतीने रोमन अक्षरांच्या गिचमिडीत बदललं जातं, ज्याची सुरुवात एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांनी होते. ही पद्धत २००३ पासून आहे, आणि तिच्यामुळेच डॉट भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून चालतं. संकेतस्थळासाठी छानच आहे. पण सर्व्हरच्या नोंदींत ती गिचमिडच दिसेल, टर्मिनलवर मात्रा-वेलांट्या विस्कटतील, आणि रात्री दोन वाजता कीबोर्ड बदलत बसाल. देवनागरी नाव मशीनवर चिकटवायच्या स्टिकरवर लिहा. माझ्या सगळ्या मशीनवर तसंच आहे.

प्रश्न : कोणती अक्षरं चालतात? नाव किती लांब?

रोमन अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी नको. अंडरस्कोर नको, काही ठिकाणी चालतो आणि जिथे चालत नाही तिथे कारण सापडत नाही. लहान-मोठी लिपी डीएनएसला सारखीच. १९८५ च्या नियमात कमाल चोवीस अक्षरं होती आणि आकड्याने सुरुवात चालत नव्हती. १९८९ मध्ये ते सैल झालं. आता एका नावाला ६३ अक्षरांपर्यंत मुभा आहे, पण विंडोजची नेटबायोस ही नावांची जुनी पद्धत पंधरा अक्षरांवर कापते. कोपरखैरणे त्यात जेमतेम बसतं.

सहा-सात अक्षरांच्या पुढे जाऊ नका. दिवसातून चाळीस वेळा टाइप करायचंय.

प्रश्न : घरच्या नेटवर्कवर नावाच्या पुढे काय लावायचं? डॉट लोकल?

डॉट लोकल हे मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलंय. म्हणजे मशीनं आपापसात हाका मारून एकमेकांना शोधतात, मध्ये सर्व्हर लागत नाही. दोन-तीन रास्पबेरी पाय असतील तर तेवढं पुरे. फक्त त्यांची मूळ नावं बदला. दोन्हींचं नाव 'रास्पबेरीपाय'च ठेवलंत तर दुसरा मुकाट्याने आपल्या नावापुढे दोनचा आकडा लावून घेतो, आणि कोण पहिला उठला त्यावर रोज कोण कोण ते बदलतं.

स्वतःचा डीएनएस सर्व्हर चालवत असाल तर डॉट लोकल वापरू नका, दोघं भांडतात. घरासाठी होम डॉट आर्पा हे २०१८ पासून राखीव आहे, आणि खाजगी वापरासाठी डॉट इंटर्नल २०२४ मध्ये आयकॅनने, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, बाजूला काढून ठेवलं. मनाने काही रचू नका. आज रिकामं दिसणारं डोमेन उद्या कुणीतरी विकत घेतं.

प्रश्न : क्लाउडवर दोनशे मशीनं आहेत. त्यांनाही मासे?

नाही. तिथे नंबरच बरे.

क्लाउडवाल्यांत एक उपमा रूढ आहे. म्हणे सर्व्हर दोन प्रकारचे, पाळीव आणि गुरं. पाळीव प्राण्याला नाव असतं, आजारी पडला तर आपण औषध देतो. गुरांना नुसता नंबर असतो, एक गेलं तर दुसरं आणतो. ही उपमा ज्याने काढली त्याने पोळा पाहिलेला नाही. आपल्याकडे गुरांना नावं असतात. कपिला, ढवळी, सर्जा, तांबी. ज्या घरात कुत्र्याला नुसतं 'कुत्रा' म्हणतात त्या घरातही गायीला नाव असतं. मला ती उपमा मराठीत कधीच पटवून देता आली नाही.

मी वेगळं सांगतो. ठाणे आणि नवी मुंबई. ठाण्यात नौपाडा, चरई, खोपट, उथळसर. नावं वाढत गेली तशी पडली, प्रत्येकाला स्वभाव आहे. खाडीपलीकडे सिडकोने शहर आखूनच बसवलं, तिथे सेक्टर सतरा आणि सेक्टर एकोणतीस. सेक्टरच्या पत्त्यावर पहिल्यांदा जाणारा माणूसही पोहोचतो, पण सेक्टरवर कुणी कविता करत नाही. जे मशीन वर्षानुवर्षं राहणार आहे, ज्याच्याबद्दल माणसं एकमेकांशी बोलणार आहेत, त्याला ठाण्यासारखं नाव द्या. जी मशीनं सकाळी स्क्रिप्टने जन्मतात आणि संध्याकाळी मरतात त्यांना सेक्टर नंबर. त्यांचं नाव कुणी तोंडाने घेणारच नाही.

मधल्या आकाराच्या ऑफिसांत, समजा वीस-पंचवीस मशीन, दोन्ही एकत्र नांदतात. मोठी नेटवर्कं राउटरच्या नावात विमानतळाचा कोड घालतात, मुंबईसाठी बी-ओ-एम. तेही ठीकच, राउटर काही जागा सोडून पळत नाही.

प्रश्न : नाव नंतर बदललं तर काय काय तुटतं?

जेवढं आठवतं तेवढं, आणि आणखी थोडं. एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायच्या सोयीच्या) जतन केलेल्या ओळखी, मशीनची ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रं, दुसऱ्या मशीनवर जोडलेले ड्राइव्ह, नजर ठेवणाऱ्या प्रणालीतले जुने आलेख, आणि मशीनच्या नावाला बांधलेले सॉफ्टवेअर परवाने. डेबियन किंवा उबंटूवर नाव बदललं पण होस्ट्स फाइलमधली १२७.०.१.१ ची ओळ तशीच राहिली, तर सूडो (मुख्य अधिकार वापरायची आज्ञा) प्रत्येक वेळी होस्ट सापडत नाही अशी कुरकुर करत राहतो. ती ओळ विसरणारे तुम्ही पहिले नाही.

प्रश्न : जुनं मशीन भंगारात गेलं. त्याचं नाव नव्याला देऊ का?

लगेच नको. जुने बॅकअप आणि नोंदी संपेपर्यंत थांबा, नाहीतर मार्चमधली सुरमई आणि जूनमधली सुरमई वेगळी, हे सहा महिन्यांनी कुणाला आठवणार नाही.

प्रश्न : थीमच संपली तर?

म्हणून सुरुवातीलाच मोजून घ्यायचं. सप्तर्षी सातच, ऋतू सहाच. आठव्या मशीनला काय? मासे, भाज्या, किल्ले, वनस्पती संपत नाहीत. संपलीच तर नवीन थीम नवीन जागेसाठी वापरा. आमच्या एका मित्राचं ऐरोलीचं रॅक मसाल्यांचं आहे आणि रबाळ्याचं भाज्यांचं. मोहरी म्हटलं की ऐरोलीला फोन, दोडका म्हटलं की रबाळ्याला.

प्रश्न : नावामुळे चोराला काही कळतं का?

कळतं. 'पगार-डेटाबेस' असं नाव ठेवणं म्हणजे तिजोरीवर 'तिजोरी' लिहिण्यासारखं. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. घरच्या सर्व्हरसाठी सार्वजनिक प्रमाणपत्र घेतलंत तर त्यातलं पूर्ण नाव सार्वजनिक नोंदवह्यांत जातं आणि कुणालाही शोधता येतं. कॅमेऱ्याचं नाव 'बेडरूम' असेल तर ते जगाला सांगून झालं. वाइल्डकार्ड, म्हणजे मशीनच्या नावाच्या जागी नुसता तारा असलेलं, प्रमाणपत्र घ्या, मग आतली नावं बाहेर जात नाहीत.

फोनचंही तेच. कॅफेच्या वायफायला जोडताना बरेचदा फोन स्वतःचं नाव राउटरला सांगतो. नाव आडनावासकट असेल तर तेही.

प्रश्न : ऑफिसात नावावरून वाद होतात. काय करावं?

ज्याने मशीन रॅकमध्ये उचलून बसवलं त्याने नाव ठेवायचं. पंचवीस किलोचं धूड उचलायला सांगितलं की निम्मे वादी आपोआप गप्प होतात.

प्रश्न : तुमच्या घरी कोणती नावं आहेत?

राउटर हिंग. आधीच्या किल्ल्यांच्या काळातला उरलेला तोरणा, त्याच्यावर फोटो आहेत म्हणून त्याला हात लावत नाही. मांदेली ही दिवाणाखालची रास्पबेरी पाय, घरातला पंखा बंद असला की आई हॉलमधून ओरडते, "अरे, मांदेली तापलीय बघ." तिला सर्व्हर म्हणजे काय ते माहीत नाही आणि मी सांगितलेलंही नाही. चौथी सुरमई. 'जिताडा' हे नाव राखून ठेवलंय. चांगल्या जिताड्याचे भाव पनवेल-उरणकडे काय असतात ते तुम्हाला माहीत असेलच. त्या नावाच्या मशीनसाठी अजून पैसे जमवतोय.